कंपनीच्या पिस्तुलाची जन्मपत्रिका

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांत, देवघराशेजारच्या कोनाड्यांत किंवा माळ्यावरच्या पेटींत, एखादें गंजलेलें पिस्तूल सांपडणें आतां विरळ झालें असलें तरी अगदींच दुर्मिळ नाहीं. दसऱ्याच्या दिवशीं तें खालीं काढून पुसण्यांत येतें, त्याला गंध-फूल वाहण्यांत येतें, आणि घरांतील वडील माणूस मुलांना सांगतो कीं, आपल्या अमुक पूर्वजानें हें पिस्तूल वडगांवच्या लढाईंत एका इंग्रज साहेबाच्या कमरेचें हिसकावून घेतलें. मुलें तें ऐकतात आणि पुढें आपल्या मुलांना सांगतात. अशा कथेंत अशक्य असें कांहीं नाहीं. १७७९ च्या जानेवारींत मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्यावर चालून आली. तळेगांवाहून रातोरात मागें फिरतांना तिनें आपल्या जड तोफा तेथील तळ्यांत लोटल्या, सामान जाळलें, आणि शेवटीं वडगांवास कोंडली जाऊन तिला तह करावा लागला. ज्या फौजेवर तोफा तळ्यांत लोटण्याची वेळ आली, तिच्याकडचें एखादें पिस्तूल मराठ्यांच्या हातीं लागलें तर त्यांत नवल तें कोणतें?

पण पिस्तुलालाही स्वतःची एक साक्ष असते. तें जन्मल्यापासून ज्या ज्या हातांतून गेलें, त्यांपैकीं पुष्कळांनीं त्याच्या लोखंडावर, पितळेवर किंवा लांकडावर कांहीं ना कांहीं खूण ठेवलेली असते. कारागिरानें नांव कोरलें, परीक्षकानें शिक्का मारला, कोठीवाल्यानें धन्याचें चिन्ह उठविलें, पलटणीनें क्रमांक घातला. जोशीबुवांनीं मांडलेली पत्रिका एखादे वेळीं चुकेल. ही पोलादी पत्रिका सहसा चुकत नाहीं, चुकतो तो ती वाचणारा. वाड्यांतील त्या पिस्तुलाची पत्रिका कशी वाचावी, आणि ती वाचल्यावर घरच्या कथेचें काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वाचावयास बसण्यापूर्वीं एक गोष्ट केलीच पाहिजे. जुनें पिस्तूल रिकामें आहे असें कधींही गृहीत धरूं नये. ठासणीच्या हत्यारांत बार तोंडांतून भरावा लागे, आणि एकदां ठासलेला बार काढणें त्रासाचें असल्यामुळें तो पुष्कळदां तसाच राहून जाई. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींही पेट घेते. म्हणून पिस्तुलाचें तोंड माणसांपासून दूर, मोकळ्या दिशेस करावें. घोडा वर ओढण्याच्या फंदांत पडूं नये. एक लांकडी काडी नळींत हलकेंच तळापर्यंत सोडावी, तोंडापाशीं काडीवर खूण करावी, आणि तीच काडी बाहेरून नळीवर धरून पाहावी. तिचें टोक मागच्या बाजूच्या, ज्यांतून आग आंत शिरते त्या बारीक भोकापर्यंत पोंचलें, तर नळी रिकामी. बोटभर, दोन बोटें अलीकडेच राहिलें, तर आंत कांहीं तरी आहे. आणि तें दारू व गोळीच आहे असें धरून जाणत्या बंदूकवाल्याच्या स्वाधीन करावें. खिळ्यानें किंवा सळईनें तें उकरून काढण्याचा पराक्रम कोणीही करूं नये.

आतां पिस्तुलाकडे वळावें. गारेच्या पिस्तुलाचें काम साधें आहे. नळीच्या उजव्या अंगाला एक लांबट लोखंडी पट्टी लांकडांत बसविलेली असते. तिच्यावर घोडा, पोलादी झडप आणि रंजकाची वाटी हीं असतात. घोड्याच्या दाढेंत गारेचा तुकडा आवळलेला असतो. खटका ओढला कीं घोडा पुढें पडतो, गार झडपेवर घासली जाते, ठिणग्या रंजकावर पडतात, आणि वाटींतील आग नळीच्या भोकांतून आंतल्या दारूपर्यंत जाते. या सगळ्या यंत्राला जुन्या लोकांनीं चाप म्हटलें. ओळख पटविण्याच्या दृष्टीनें चापाची ही पट्टी सर्वांत बोलकी. तिच्या खालोखाल नळीचा मागचा भाग.

त्याआधीं माप घ्यावें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजी हलक्या घोडदळाच्या पिस्तुलाची नळी नऊ इंच लांब असे आणि तिचें तोंड इंचाचे शंभर भाग केल्यास पासष्ट भागांइतकें रुंद असे. हें तोंड मुद्दामच स्वाराच्या आंखूड बंदुकीच्या तोंडाएवढें ठेवलें होतें, कारण मग दोन्ही हत्यारांना एकच गोळी चाले. एका पौंड शिशांत अशा वीस गोळ्या होत. त्यापूर्वींचें जड घोडदळाचें पिस्तूल बारा इंची नळीचें आणि छप्पन्न भाग तोंडाचें, म्हणजे लांब पण अरुंद. आरमारी पिस्तुलाची नळीही लांब असे, आणि खलाशाला तें कमरपट्ट्यांत अडकवितां यावें म्हणून डाव्या अंगाला एक लोखंडी आंकडा असे. दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे गज. जुन्या पिस्तुलांचा गज लांकडी आणि सुटा असतो. घोडा दौडत असतां तो हातांतून निसटला कीं पिस्तूल निरुपयोगी. म्हणून १८०० च्या सुमारास जो नवा नमुना निघाला, त्यांत लोखंडी गज नळीच्या तोंडाशीं बिजागरीनें कायमचा जोडून टाकला. तो बाहेर ओढून उलटा फिरवून आंत घालावा, परत जागीं बसवावा, पण हातून सुटण्याची भीति नाहीं. ही लहानशी बिजागरी दिसली कीं पिस्तूल एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचें किंवा त्यानंतरचें आहे, इतकें तरी अंदाजानें म्हणतां येतें.

यानंतर चापाची पट्टी. कंपनी सरकारच्या जुन्या हत्यारांच्या पट्टीवर एक बदामाच्या आकाराचें चिन्ह कोरलेलें असतें. त्या बदामाचे दोन रेघांनीं चार भाग केलेले, प्रत्येक भागांत एकेक इंग्रजी अक्षर, आणि डोक्यावर चारच्या इंग्रजी आंकड्यासारखी आकृति. अक्षरें व्ही, ई, आय आणि सी अशीं वाचलीं जातात. त्यांतील व्ही हा खरोखर यू आहे. त्या काळच्या कोरीव अक्षरांत यू हा व्ही सारखा काढीत. आणि सर्व मिळून अर्थ होतो ‘संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी’. अठराव्या शतकाच्या आरंभीं दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या, तेव्हांपासूनचें हें संयुक्त नांव. हें चिन्ह मुळांत हत्यारांचें नव्हेच. तें व्यापाऱ्याचें, गांठोड्यावर मारावयाचें चिन्ह होय. सुती कापडाचे गठ्ठे ज्या शिक्क्यानें ओळखले जात, त्याच शिक्क्यानें कंपनीनें आपल्या बंदुका, पिस्तुलें आणि पैसेही ओळखूं लावले. ज्यांना जुनीं नाणीं जमविण्याचा नाद आहे त्यांनीं मुंबई इलाख्याचा १७९१ चा तांब्याचा पैसा आठवावा: एका अंगाला तागडी, दुसऱ्या अंगाला हाच बदाम. व्यापारी आणि राज्यकर्ता यांच्यांत कंपनीनें भेद कसा तो ठेवलाच नाहीं, याचें इतकें स्पष्ट चित्र दुसरें मिळणें कठीण.

बदामाच्या जोडीला पट्टीच्या शेपटाकडे बहुधा कारागिराचें आडनांव आणि साल असतें. लंडनमधील विल्सन, बार्नेट, ली, नॉक, बेकर या बंदूकवाल्यांचीं नांवें अशा पट्ट्यांवर आढळतात. यांतील ईझिकेल बेकर हा, ज्याची पेंचदार नळीची बंदूक पुढें इंग्रजी लष्करानें १८०० मध्यें स्वीकारली, तोच. या नांवांवरून एक गैरसमज मात्र होऊं देऊं नये. बेकरचें नांव आहे म्हणजे सगळें पिस्तूल बेकरनें एकट्यानें घडविलें असें नाहीं. नळी एकाची, चापाचे भाग दुसऱ्याचे, पितळी साज तिसऱ्याचा, असें काम वांटलेलें असे, आणि ज्यानें ठेका घेतला त्याचें नांव पट्टीवर येई.

१८०८ च्या सुमारास कंपनीनें आपलें चिन्ह बदललें. गांठोड्यावरचा बदाम गेला आणि त्याच्या जागीं मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पंजांत राजमुकुट धरलेला सिंह आला. हा सिंह कंपनीच्या मानचिन्हाच्या माथ्यावरचा. १८५८ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें कंपनीचा कारभार संपला, म्हणून हें चिन्ह असलेलें हत्यार त्या पन्नास वर्षांच्या आंतलें, असें ढोबळमानानें धरण्यास हरकत नाहीं. आणि येथेंच वाड्यांतील कथेला पहिला धक्का बसतो. पुष्कळ घरांतून ‘वडगांवचें’ म्हणून दाखविलें जाणारें पिस्तूल स्वच्छ केल्यावर त्याच्या पट्टीवर बदाम न दिसतां उभा सिंह दिसला, तर तें पिस्तूल १७७९ मध्यें अस्तित्वांतच नव्हतें. गज बिजागरीचा असेल तर हा निकाल आणखी पक्का होतो.

बदाम दिसला तरी वडगांव सिद्ध झालें असें नव्हे. मुंबई इलाख्याच्या सैन्यांत नियमित घोडदळ १८१७ पर्यंत जवळ जवळ नव्हतेंच. १७७९ ची ती फौज मुख्यतः पायदळाची आणि तोफखान्याची. पायदळाच्या शिपायाला पिस्तूल देत नसत. पिस्तुलें असत तीं अधिकाऱ्यांजवळ, आणि अधिकारी आपलीं पिस्तुलें स्वतःच्या पैशानें विकत घेत. अशा खासगी पिस्तुलावर ना बदाम ना सिंह. त्यावर बंदूकवाल्याचें नांव, ‘लंडन’ हा शब्द आणि नळीवर परीक्षेचे शिक्के एवढेंच असतें. म्हणजे वडगांवची आठवण सांगणाऱ्या घरानें कंपनीचें चिन्ह नसलेल्या पिस्तुलाची अपेक्षा अधिक करावी, हें ऐकावयास उलटें वाटतें, पण तर्क तोच आहे. अशा पिस्तुलाच्या दस्त्याला चांदीची टोपी असली तर भाग्यच म्हणावयाचें. कारण लंडनच्या चांदीवर शुद्धतेच्या छापाबरोबर एक वर्षदर्शक अक्षरही असतें, तें दर मे महिन्यांत बदले, आणि त्यावरून नेमकें साल काढतां येतें. चांदीवरचा तो चालता सिंह पाहून कोणी त्याला कंपनीचा सिंह समजूं नये. कंपनीचा सिंह उभा, चांदीचा सिंह चालता. एक मालक सांगतो, दुसरा धातूची शुद्धता.

इंग्लंडच्या राजाचीं हत्यारें वेगळीं. हिंदुस्थानांत कंपनीच्या पलटणींबरोबर राजाच्या पलटणीही येत, आणि त्यांचीं हत्यारें लंडनच्या टॉवरमधून पुरविलीं जात. अशा पिस्तुलाच्या पट्टीवर घोड्याच्या पुढें मुकुट आणि खालीं जी. आर. हीं अक्षरें, तर शेपटाकडे ‘टॉवर’ हा शब्द असतो. १७६४ पूर्वीं त्या जागीं ठेकेदाराचें नांव आणि साल घालीत. पुढें तें बंद होऊन नुसतें ‘टॉवर’ राहिलें. डब्लिनच्या किल्ल्यांत जुळविलेल्या हत्यारांवर त्या किल्ल्याचें नांव येतें. जी. आर. म्हणजे राजा जॉर्ज, एवढ्यावर संतुष्ट होणाऱ्या वाचकाला ही पत्रिका हमखास फसविते, कारण १७१४ पासून १८३० पर्यंत लागोपाठ चार जॉर्ज गादीवर होते. एकशें सोळा वर्षांचा काळ म्हणजे काळ सांगितलाच नाहीं असें म्हटलें तरी चालेल. मग पट्टीचा आकार, घोड्याची मान, पितळी साज यांवरून निवड करावी लागते. डब्ल्यू. आर. असल्यास मात्र काम सोपें: चौथा विल्यम १८३० ते १८३७ एवढींच सात वर्षें राज्यावर होता. व्ही. आर. हें राणी व्हिक्टोरियाचें, १८३७ पासून १९०१ पर्यंत. याखेरीज राजाच्या मालावर बाणाच्या टोंकासारखी तीन रेघांची खूण असते. ती सरकारी मालकीची. असे दोन बाण टोंकाला टोंक लावून असले, तर तें हत्यार सरकारनें नाकारून विकून टाकलेलें. ज्या घरांत शत्रूच्या हातून हिसकावलेल्या पिस्तुलाची गोष्ट सांगतात, त्यांनीं ही दुहेरी खूण अवश्य शोधून पाहावी. तिच्यामुळें मनाला दुखेल, पण पुढची बरीच शोधाशोध वांचेल.

टॉवरचें पिस्तूल महाराष्ट्रांत कसें आलें, याचा विचार करतांना असईचें नांव घेणें भाग आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं झालेल्या त्या लढाईंत इंग्रजांकडे राजाचें १९ वें हलकें घोडदळ होतें, आणि त्याच्या बरोबरच कंपनीचें मद्रासचें देशी घोडदळ. म्हणजे एकाच रणांगणावर टॉवरचीं आणि कंपनीचीं, दोन्ही तऱ्हेचीं पिस्तुलें पडणें शक्य होतें. फेब्रुवारी १८१८ मध्यें आष्टीस, जेथें बापू गोखले धारातीर्थीं पडले, तेथेंही हाच प्रकार: राजाचे २२ वे ड्रॅगून स्वार आणि मद्रासचे देशी स्वार. सिंहाचें चिन्ह असलेलें पिस्तूल वडगांवचें असूं शकत नाहीं. आष्टीचें असूं शकतें. असूं शकतें, एवढेंच. लोखंडाला जन्मसाल ठाऊक असतें, तें कोणाच्या हातून कोणाच्या हातांत गेलें हें ठाऊक नसतें.

नळीच्या मागच्या भागावरचे शिक्के बारीक असतात आणि गंजाखालीं दडलेले असतात. हे परीक्षेचे शिक्के. नवी नळी तयार झाली कीं तींत नेहमींपेक्षां बरीच अधिक दारू भरून ती दुरून उडवीत. फुटली नाहीं, तर तिला बारकाईनें पाहून शिक्का मारीत. लंडनमधील बंदूकवाल्यांच्या मंडळीला १६३७ मध्यें सनद मिळाली. तिच्या परीक्षेचे शिक्के दोन: मुकुटाखालीं व्ही हें पाहणीचें अक्षर आणि मुकुटाखालीं एकमेकांत गुंतलेलीं जी व पी हीं परीक्षेचीं अक्षरें. बर्मिंगहॅमला सरकारमान्य परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें झालें. त्याच्या शिक्क्यांत मुकुटाखालीं दोन राजदंड एकमेकांवर तिरपे ठेवलेले दिसतात आणि सभोंवार बी., पी., सी. हीं अक्षरें. म्हणून पट्टीवर १७९६ साल कोरलेलें आणि नळीवर बर्मिंगहॅमचा हा शिक्का, असें एकाच पिस्तुलांत दिसलें, तर नळी मागाहून बदललेली आहे किंवा सालच खोटें आहे. शिक्क्यांच्या शेजारीं एखादा आंकडा असला तर त्याला क्रमांक समजून घोळ घालूं नये. १८५५ च्या कायद्यानंतरच्या नळ्यांवर तो बहुधा तोंडाच्या मापाचा, म्हणजे पौंडाला किती गोळ्या याचा आंकडा असतो.

सगळ्यांत मजेची गोष्ट पिस्तूल खोलल्यावर दिसते, आणि तें काम जाणत्यानेंच करावें. चापाच्या पट्टीच्या पाठीवर, स्क्रूंच्या माथ्यांवर, लांकडाच्या आंतल्या खांचेंत कानशीनें ओढलेल्या एक, दोन, तीन अशा रेघा असतात. त्या काळीं प्रत्येक पिस्तुलाचे भाग हातानें जुळवीत, त्यामुळें एकाचा स्क्रू दुसऱ्याला बसत नसे. दहा पिस्तुलें एकदम खोललीं असतां भाग मिसळूं नयेत म्हणून कारागीर अशा खुणा करी. सर्व भागांवर सारख्या रेघा असल्या तर पिस्तूल अखंड आहे. पट्टीवर तीन आणि स्क्रूवर पांच असल्या, तर दोन मढ्यांचा एक देह केलेला आहे. लांकूडही पाहावें. मूळ दस्ता अक्रोडाचा असतो. शिसवीचा असला तर तो येथेंच, एखाद्या गांवच्या सुतारानें बसविलेला.

पुढें गारेचा जमाना संपला. फोरसाइथ नांवाच्या स्कॉटिश पाद्र्यानें १८०७ मध्यें आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट घेतलें, त्यांतून टोपीचीं हत्यारें निघालीं, आणि १८४० च्या आगेंमागें इंग्रजी लष्करानें टोपी स्वीकारली. जुनीं गारेचीं पिस्तुलें टाकून न देतां पुष्कळांचें रूपांतर केलें गेलें. झडप आणि रंजकाची वाटी काढून टाकावी, भोकाच्या जागीं टोपी बसविण्याची बोंडी घालावी, घोडा बदलावा, कीं झालें. पण पट्टीवरचीं जुनीं रिकामीं भोकें बुजविल्याच्या खुणा राहतातच, आणि उजेडांत तिरपें धरलें कीं त्या डोळ्यांना दिसतात. असें पिस्तूल दोन वेळां जन्मलेलें म्हणावें.

आतां खोट्या पत्रिकांविषयीं. मागणी आहे तेथें नकलाही आहेत. पेशावर आणि कोहाट यांमधील दर्रा आदमखेल येथील कारागीर इंग्रजी हत्यारांच्या नकला करण्यांत फार पूर्वींपासून प्रसिद्ध आहेत, आणि शोभेच्या वस्तू विकणाऱ्या बाजारांत ‘टॉवर’ किंवा बदाम कोरलेलीं नवीं पिस्तुलें हवीं तितकीं मिळतात. नकलेचा मुख्य दोष अक्षरांत सांपडतो. ज्याला इंग्रजी येत नाहीं त्या कोरणाऱ्याच्या हातून एन हें अक्षर उलटें होतें, एस आडवा लोळतो, मुकुटाचा मुकुट न राहतां झुडूप होतें. व्ही. आर. च्या खालीं १८३७ च्या अलीकडचें साल न घालतां पलीकडचें, म्हणजे राणी गादीवर बसण्यापूर्वींचें घातलेलें असतें. आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हे शब्द पट्टीवर ठळक अक्षरांत पूर्ण लिहिलेले आढळले तर फारसा विचार करण्याचें कारण नाहीं. कंपनीनें बदाम किंवा सिंह वापरला, पाटी लावली नाहीं. खऱ्या पिस्तुलावर नंतरच्या मालकांनीं केलेल्या खुणा मात्र खोट्या समजूं नयेत. बिकानेरच्या शस्त्रागारांतील हत्यारांवर ठिपक्या-ठिपक्यांनीं पाडलेलीं देवनागरी अक्षरें व आंकडे असतात. तो त्या संस्थानचा नोंदक्रमांक. पितळी टोपीवर किंवा खटक्याच्या कमानीवर पलटणीचीं अक्षरें व आंकडे असल्यास त्यांचें मोल पट्टीवरच्या चिन्हाइतकेंच आहे, कारण मालक कोण हें पट्टी सांगते, पण वापरणारा कोण हें त्यांवरूनच कळतें.

हें सगळें पाहून झाल्यावर वाड्यांतील मंडळी साहजिकच विचारतात, कीं मग आमच्या पूर्वजाची गोष्ट खोटी काय? याचें उत्तर सरळ द्यावें आणि नीट द्यावें. सिंहाचें चिन्ह, बिजागरीचा गज, लंडनचे शिक्के आणि सारख्या रेघा असलेलें पिस्तूल वडगांवचें नाहीं; एवढा भाग गेला. पण तेवढ्यावरून सांगणारा लबाड ठरत नाहीं. घराण्याच्या आठवणींना मोठ्या नांवांची ओढ असते. आष्टीचा प्रसंग पराभवाचा, वडगांवचा विजयाचा. दोन पिढ्यांनीं सांगतां सांगतां पिस्तूल पराभवाकडून विजयाकडे सरकलें असेल तर तें मनुष्यस्वभावाला धरून आहे.

दुसरी शक्यता सांगतांना जीभ जड होते, तरी ती सांगितलीच पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर, आणि तिच्या आधींही, पुष्कळ मराठी स्वार इंग्रजांच्या चाकरींत गेले. १८१७ च्या पुण्याच्या तहान्वयें उभारलेलें जें घोडदळ पुढें ‘पूना हॉर्स’ या नांवानें प्रसिद्धीस आलें, तें शिलेदारी पद्धतीचें होतें: शिलेदारानें घोडा आणि बहुतेक हत्यारें स्वतःचीं आणावीं, सरकारानें पगार द्यावा. अशा स्वाराचें पिस्तूल त्याच्या मालकीचें असे आणि चाकरी संपल्यावर त्याच्याबरोबर घरीं येई. कंपनीच्या सिंहाचें पिस्तूल घरांत आहे याचा अर्थ पूर्वजानें तें कंपनीपासून हिसकावलें असाच होत नाहीं. तो कंपनीचें मीठ खात होता असाही होऊं शकतो. तिसरी शक्यता अगदींच साधी आहे. निकामी ठरविलेलीं हत्यारें लिलांवांत विकलीं जात, आणि एखाद्या हौशी गृहस्थानें दसऱ्याच्या पूजेला शोभा यावी म्हणून चार रुपये मोजून तें घेतलें असेल. या तिन्हींपैकीं पहिलीच खरी मानावी असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. तसाच तिसरीच खरी, असें पंडिती थाटांत ठरवून टाकण्याचाही नाहीं.

निवड करावयाची तर पुरावा जपला पाहिजे, आणि तोच पहिल्यांदां नष्ट होतो. सणाच्या आदल्या दिवशीं विटकरीची पूड, चिंच आणि लिंबू घेऊन पिस्तूल चकचकीत करण्याची जी चाल आहे, तिनें जितकीं चिन्हें पुसलीं तितकीं गंजानेंही पुसलीं नाहींत. घासणें बंद करावें. मऊ फडक्यानें थोडें तेल लावावें आणि पुरे. चिन्हें काळजीनें उतरून घेण्यास पातळ कागद त्यांवर धरून मऊ पेन्सिल हलकेंच फिरवावी, ठसा उमटतो. त्याबरोबर उजव्या बाजूचें, डाव्या बाजूचें आणि नळीच्या मागच्या भागाचें छायाचित्र, नळीची लांबी आणि तोंडाची रुंदी एवढें जोडलें, तर जाणत्याला पुष्कळ सांगतां येतें. टॉवरमधील शस्त्रसंग्रहाचा मोठा भाग १९९६ पासून लीड्स येथील रॉयल आर्मरीज या संग्रहालयांत आहे, आणि कंपनीचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. ज्यांना खोलांत शिरावयाचें त्यांना तेथवर जावें लागतें.

कायद्याचाही एक शब्द. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें जुन्या धर्तीच्या किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट दिलेली आहे, पण ती सरसकट नव्हे. दुरुस्ती करून किंवा न करतां तें बंदूक म्हणून वापरतां येण्यासारखें नसावें, अशी अट आहे. गारेचें पिस्तूल दिसतें निरुपद्रवी, परंतु चाप शाबूत आणि नळी मोकळी असली तर तें उडतें, हें वर सांगितलेंच आहे. यासाठीं घरच्या घरीं निकाल न करतां स्थानिक अधिकाऱ्यांना विचारून घ्यावें. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तु १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरातन वस्तु ठरते, आणि ती परदेशीं नेऊन विकण्यास मनाई आहे.

मग त्या तीन शक्यतांपैकीं खरी कोणती, याचें उत्तर बहुधा पिस्तुलाजवळच ठेवलेलें असतें, पण लोखंडांत नव्हे. त्याच पेटीच्या तळाशीं जीर्ण रुमालांत बांधलेले मोडी कागद असतात, आणि मोडी वाचणारें घरांत कोणी उरलेलें नसतें म्हणून ते तसेच राहतात. त्यांत एखादी सनद, इनामाची नक्कल, स्वारांच्या हजेरीचा कागद किंवा इंग्रजांच्या चाकरीचा दाखला असूं शकतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत असेच हजारों रुमाल आहेत, आणि त्यांत गांवांचीं, माणसांचीं, घोड्यांचीं नांवें सांपडतात. पिस्तुलावरचा सिंह १८०८ नंतरचा, हें एका दुपारीं कळतें. कागदावर १८१८ च्या सुमारास पूर्वज कोणाच्या पथकांत हजर होता, हें कळावयास कधीं वर्ष लागतें, कधीं एखादा मोडी जाणणारा म्हातारा सांपडावा लागतो; आणि म्हणून पिस्तूल भिंतीवरून उतरविण्याआधीं तो रुमाल उंदरांपासून आणि ओलीपासून सुरक्षित जागीं हलवावा.